बहिरी ससाण्याला वाट कोण दाखवतं?

थंडी पडली की खाडीजवळच्या मोबाईल टॉवरवर बहिरी ससाणा येऊन बसतो. पोट पांढरट, पाठ पाटीच्या रंगाची, डोळ्याखाली काळी मिशी, आणि पायाखाली दाबलेल्या कबुतराची पिसं उपटून वाऱ्यावर सोडत असतो. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर राहणारा शाहीन त्याचाच भाऊबंद, पण तो पोटाला तांबूस आणि बारा महिने इथलाच. हा पाहुणा सायबेरियाच्या टुंड्रातून, म्हणजे झाडं नसलेल्या थंडगार माळरानातून येतो. इंग्रज पक्षीतज्ज्ञ लॅथमने १७९० मध्ये या उपजातीला 'कॅलिडस' नाव दिलं ते मात्र भारतातल्या पक्ष्यावरून, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उष्ण!

पहिल्यांदाच निघालेल्या पिल्लासोबत आईबाप नसतात, मग त्याला रस्ता कळतो कसा, हा प्रश्न जुनाच आहे. त्याचं मोठं उत्तर २०२१ मध्ये आलं. चायनीज अकॅडमी ऑफ सायन्सेस आणि कार्डिफ युनिव्हर्सिटीच्या लोकांनी आर्क्टिकमधल्या सहा ठिकाणच्या ५६ ससाण्यांना सॅटेलाइट टॅग लावले, शिवाय ३५ पक्ष्यांचे जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, वाचले. पश्चिमेकडचे, म्हणजे रशियाच्या वायव्येकडच्या कोला आणि कोल्गुएवचे, कमी अंतर उडतात, पूर्वेकडचे फार लांब जातात, आणि लांब जाणाऱ्यांमध्ये एडीसीवाय८ या जीनचं वेगळं रूप दिसलं, हा जीन दीर्घकालीन स्मृतीशी जोडलेला आहे. म्हणजे वाट लक्षात ठेवायची ताकद निदान काही अंशी रक्तातूनच येते, मला तर हे वाचून अंगावर काटा आला.

आणि या वाटा तरी कधीच्या? साधारण २२ हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं, मग बर्फ हटत गेलं तसं घरट्यांच्या जागा आणि हिवाळ्यातले मुक्काम दोन्ही सरकले, सहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत आजच्या वाटा आकाराला आल्या. हजारो वर्षांचं काम आहे हे, आणि आताची गरमी काही दशकांत सगळं हलवतेय. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन हा पक्षी पूर्वीही कित्येक ठिकाणी संपत आला होता, पण तिथे बंदी घालून सावरता आलं, इथे एका औषधावर बंदी घालून भागणार नाही. त्याच अभ्यासाचा अंदाज असा की पश्चिम युरेशियातल्या ससाण्यांना घटीचा धोका सगळ्यात जास्त, ते कदाचित स्थलांतरच सोडून देतील.

म्हणून यंदा ससाणा दिसला तर तारीख टाकून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर नोंदवा, आणि शाहीन की कॅलिडस तेही बघून लिहा, दोघं एकाच नावाखाली गेले की लांबून आलेला कोण ते नंतर कळतच नाही.