मालट्रकच्या डिझेल इंजिनाची निगा (बेळगाव सीमाभाग)

अवजड मालट्रकचे इंजिन उघडून 'कामाला काढण्याची' वेळ शक्य तितकी लांबवणारी नित्याची व ठरावीक मुदतीची देखभाल. बेळगाव (2014 पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यातील मराठी ट्रकमालक व मेस्त्री यांच्यामुळे या कामाची बहुतेक परिभाषा येथे मराठीतच रूढ आहे.

प्रदेशाची ठेवण इंजिनाची परीक्षा पाहणारी आहे. पुणे–बंगळूर महामार्गावर तवंदी व वंटमुरी हे घाट लागतात. सुमारे 750 मीटर उंचीवरच्या बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्या चोर्ला आणि अनमोड मार्गांवर भरलेली गाडी जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत उतरते व परतताना तेवढीच चढते. पश्चिमेला खानापूरचा मुसळधार पाऊस, तर पूर्वेला गोकाक, अथणीकडची कोरडी धूळ. ऊसहंगामात कारखान्याच्या आवारात तासन् तास रांग असते, म्हणून केवळ किलोमीटर मोजून केलेला देखभालीचा हिशेब येथे फसतो. इंजिन किती तास चालले हेही धरावे लागते.

येथील यंत्रकामाच्या परंपरेचे मूळ लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगावातील सायकल दुकानात शोधण्याची प्रथा आहे. त्या दुकानासाठी 1888 हे वर्ष रूढ आहे. परंतु मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील अध्यापन सोडून ते बेळगावला स्थायिक झाले ही हकीकत पाहता, पूर्णवेळ कारखानदारीचा आरंभ त्यानंतर काही वर्षांनी धरणे अधिक सयुक्तिक वाटते. 1910 मध्ये कारखाना कुंडलजवळ, आजच्या किर्लोस्करवाडीला गेला. त्यामुळे ट्रकदुरुस्तीचा थेट वारसा तेथून सांगण्यापेक्षा उद्यमबाग व मच्छे या बेळगावच्या औद्योगिक वसाहतींतील ओतशाळा आणि लेथ-कारखान्यांशी त्याचा संबंध जोडणे योग्य ठरते.

निगेतील सर्वांत दुर्लक्षित अंग म्हणजे पाणी. ऑइलची तारीख काटेकोर पाळणारा मालकही रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओततो. कूलंट हे पाणी गोठू नये म्हणून असते, आणि बेळगावात पाणी गोठत नाही, हा त्यामागचा तर्क असतो. तो अपुरा आहे. इथिलीन ग्लायकॉल व शुद्ध पाणी यांच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या पाण्याहून सात-आठ अंशांनी जास्त असतो, आणि त्यातील गंजरोधक द्रव्ये त्याहून महत्त्वाची असतात. बोअरच्या पाण्यातील क्षार जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवती पाणी खेळणाऱ्या पोकळीत, थर धरतात आणि उष्णता अडवतात.

ज्या इंजिनांत लायनरची, म्हणजे सिलिंडरमध्ये बसवलेल्या बदलता येणाऱ्या नळीची, बाहेरची बाजू थेट पाण्यात असते, त्यांत आणखी एक विकार दिसतो. लायनरला बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढी भोके पडत जातात आणि अखेर पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये उतरते. याच्या कारणाबद्दल दोन मते आहेत. एक पक्ष तो विद्युत-रासायनिक गंज मानतो. दुसऱ्या पक्षाच्या मते ते पोकळीभवन, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत कॅव्हिटेशन होय. ज्वलनाच्या क्षणी पिस्टन लायनरच्या एका बाजूवर आदळतो, भिंत थरथरते, तिला लागून असलेल्या पाण्याचा दाब क्षणभर उतरून वाफेचे सूक्ष्म बुडबुडे बनतात व फुटताना धातूचा कण ओढून नेतात. भोके प्रायः पिस्टनचा रेटा बसणाऱ्या बाजूलाच एका उभ्या पट्ट्यात आढळतात, हे दुसऱ्या मताला बळ देते. मात्र नायट्राइटसारखी द्रव्ये घातल्यास विकार आटोक्यात राहतो, ही बाब निव्वळ यांत्रिक उपपत्तीत पुरती बसत नाही. द्रव्यामुळे लायनरवर धरलेली संरक्षक साय बुडबुड्यांनी फाटते व पुन्हा धरते. द्रव्य संपले की उघडा धातू गंजू लागतो. म्हणून कंपन हे मूळ व गंज हा त्याचा साथीदार, अशी मांडणी ग्राह्य वाटते. व्यवहारात अर्थ एवढाच, की कूलंट मुदतीत बदलावे, दोन जातींची मिसळ करू नये आणि रेडिएटरचे सैल झालेले टोपण लगेच बदलावे; दाब टिकला नाही तर बुडबुडे वाढतात.

गाडी घाटात तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप) काढून टाकण्याची सवय या भागात खोल रुजली आहे. ती घातक आहे. थंड इंजिनात ज्वलनातील वाफ भिंतींवर जमून आम्ले तयार होतात. पिस्टनच्या रिंगा व लायनर झिजतात. ज्या रचनेत थर्मोस्टॅट उपमार्गही बंद करतो, तेथे तो काढल्यास काही पाणी रेडिएटर टाळून फिरते आणि गाडी उलट अधिक तापते. तापण्याचे कारण बहुधा रेडिएटरची चोंदलेली जाळी, पंख्याचा ढिला पट्टा किंवा क्षारांचा थर हे असते.

धुळीसंबंधी एकच सूचना पुरे. एअर फिल्टरचा कागदी एलिमेंट कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने वारंवार झाडला की कागदाला न दिसणारी छिद्रे पडतात आणि सिलिकायुक्त धूळ रिंगांना वाळूकागदासारखी घासते. फिल्टरच्या पुढील रबरी नळीची तडही तेच करते; फिल्टर नवा असूनही गाडी ऑइल खाऊ लागली तर आधी ती नळी पाहावी.

घाट चढून येताच इंजिन बंद करू नये; तीन ते पाच मिनिटे मंद चालवल्यास टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या) बेअरिंगमधील ऑइल जळत नाही. उतरताना चढीचाच गिअर, एक्झॉस्ट ब्रेकसह (धुराची वाट अडवून इंजिनाला रोधणारा ब्रेक), ठेवावा. न्यूट्रलमध्ये उतरणे ब्रेकना, आणि म्हणून जिवाला धोक्याचे. नको तितक्या खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे नियंत्रकाच्या (इंधन कमी करून वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या) हाताबाहेर जाऊन व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात.

1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज 6 या धूर-प्रदूषण मानकांनंतर 10 पीपीएम (दशलक्षात दहा भाग) गंधकाचे डिझेल, कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून उच्च दाबाने इंधन पुरवणारी रचना) आणि धुरातील नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारे 32.5 टक्के युरियाचे द्रावण सर्रास झाले. इंजेक्टरमधील फट काही मायक्रॉनची असल्याने पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरचा निचरा पावसाळ्यात रोज करावा.

इंजिन अखेर उघडावेच लागले, तर त्याला लायनर आहेत की नाहीत हे आधी पाहावे. 5.9 लिटरच्या कमिन्स बी मालिकेत सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कातलेले असल्याने नवा लायनर-पिस्टन संच बसवण्याचा नेहमीचा मार्ग नसतो. ब्लॉक लेथवाल्याकडे नेऊन बोअरिंग करून 0.5 किंवा 1 मिलिमीटर मोठे पिस्टन घालतात. त्यापुढे झीज गेली तरच दुरुस्ती-लायनर ठोकतात.