फांदीमर, आंब्यावरील : कारक बुरशीची ओळख

आंब्याची फांदी शेंड्याकडून खोडाकडे वाळत येणे, या रोगाला फांदीमर म्हणतात. कोकणात हापूसच्या कलमांवर तो आढळतो. बॉट्रिओस्फेरिएसी कुलातील लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी ही बुरशी त्याचे प्रमुख कारण मानली जाते. जुन्या लेखनात तिचे नाव बॉट्रिओडिप्लोडिया थिओब्रोमी असे येते. हीच बुरशी द्राक्षवेलीच्या खोडात शिरून वेल खंगवते, त्यामुळे घाटावरच्या द्राक्षबागेत आणि किनाऱ्यावरच्या आंबाबागेत निदानाची रीत बरीचशी एकच आहे.

रोगट फांदीची पाने तपकिरी होऊन कडांशी वळतात आणि वाळल्यावरही काही काळ तशीच लटकून राहतात. सालीवर डिंक ओघळतो. फांदी उभी चिरली तर लाकडात तपकिरी रेषा दिसतात. मात्र भिरुड या खोडकिडीने खोड पोखरले तरी फांदी वाळते, म्हणून भोक आणि त्यातून पडणारा भुसा आधी शोधावा. कित्येकदा भिरुडाच्या जखमेतूनच बुरशी आत शिरते, तेव्हा भोक सापडले म्हणून तपास थांबवणे चुकीचे ठरते.

नमुना पूर्ण वाळलेल्या काटकीचा घेऊ नये, कारण तिच्यावर मेल्या लाकडावर जगणाऱ्या इतर बुरशी भराभर वाढतात. जिवंत आणि मृत लाकूड जिथे भेटते तिथले बारीक तुकडे सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात निर्जंतुक करून बशीतल्या बटाटा-डेक्स्ट्रोज आगरवर, म्हणजे बुरशी वाढवण्याच्या माध्यमावर, ठेवतात. लॅसिओडिप्लोडियाची पांढरी, कापसासारखी वाढ थोड्याच दिवसांत बशी व्यापते, मग राखाडी आणि शेवटी काळी पडते. तिचे कोवळे बीजाणू रंगहीन व एकपेशीय असतात. पक्व बीजाणू गडद तपकिरी, साधारण २० ते ३० मायक्रॉन लांब, मध्ये एक आडवा पडदा आणि अंगावर उभ्या रेघा असलेले दिसतात. या रेघा दिसल्या की लॅसिओडिप्लोडिया या प्रजातीची (जीनसची) खात्री बहुतेक पटते. त्याच कुलातील निओफ्यूझिकोकम या दुसऱ्या प्रजातीचे बीजाणू बहुधा रंगहीन आणि चातीसारखे निमुळते असतात.

प्रजातीतील नेमकी जाती (स्पीशीज) ठरवताना मात्र सूक्ष्मदर्शक अपुरा पडतो. एकच समजल्या जाणाऱ्या थिओब्रोमीत अनेक जाती दडल्या असल्याचे डीएनए-अभ्यासांतून दिसले, आणि २००८ मध्ये लॅसिओडिप्लोडिया स्यूडोथिओब्रोमी ही स्वतंत्र जाती म्हणून वर्णिली गेली. त्यामुळे आता आयटीएस या डीएनए-खंडाबरोबर ट्रान्सलेशन इलॉन्गेशन फॅक्टर जनुकाचाही क्रम पाहतात. केवळ आयटीएसवर जवळच्या जाती नीट वेगळ्या होत नाहीत.

सर्वांत अधिक जपायला हवे ते पुढच्या टप्प्यावर. या बुरशी निरोगी दिसणाऱ्या झाडातही लक्षणांविना राहतात, म्हणून बशीत बुरशी उगवली एवढ्याने ती रोगकारक ठरत नाही. शुद्ध संवर्ध, म्हणजे बशीत वेगळी वाढवलेली ती एकच बुरशी, निरोगी रोपाच्या जखमेवर लावून तीच लक्षणे उमटतात का आणि त्या रोपातून तीच बुरशी परत मिळते का, हे पाहावे लागते. सोबत तुलनेसाठी नुसते आगर लावलेली रोपेही ठेवतात. नमुन्यासाठी फांदी रोगट भागाच्या बरीच खाली, निरोगी लाकडात कापून कापावर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात. पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर बीजाणू पसरत असल्याने हे काम उघडीप पाहून करणे बरे.