रामटेकच्या गडावर सगळंच हेमाडपंती नाही

हेमाडपंती देऊळ विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. काळा दगड, बिनचुन्याची बांधणी, कोरीव खांब, गाभाऱ्यात अंधार अन् तेलाचा वास. चार गावं ओलांडली की एखादं भेटतंच. पण दगडावर दगड दिसला की लोक ‘हेमाडपंती’ असा एकच शिक्का मारून मोकळे होतात, आणि रामटेकच्या गडावरचं केवल नरसिंहाचं देऊळही त्यात भरडलं जातं. पायऱ्यांवर कुणी पोराबाळांना तसं सांगताना दिसलं की माझं डोकं उठतं.

ज्याच्या नावावरून हेमाडपंती म्हणतात तो हेमाद्री पंडित हा यादव राजा महादेवाचा (१२६०–१२७१) आणि नंतर रामचंद्राचा मंत्री. केवल नरसिंह पाचव्या शतकातला, वाकाटक राजघराण्याच्या काळातला. मंडपातल्या शिलालेखात प्रभावतीगुप्तेचा उल्लेख आहे. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. तिच्या लेकीनं आईच्या नावे हे देऊळ उभारल्याचं अभ्यासक सांगतात. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचं नगरधन, इथून जवळच. म्हणजे हे देऊळ आणि हेमाद्री यांच्यात सुमारे आठशे वर्षांचं अंतर आहे.

खरा घोळ चुन्यावरून होतो. ‘चुना नाही म्हणजे हेमाडपंती’ हे पाठ केलेलं सूत्र सोडून द्या. घडीव दगड एकमेकांवर नेमके बसवून वजनाच्या जोरावर उभे करायचे, ही रीत हेमाद्रीनं शोधलेली नाही. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० चं, हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं, तेही असंच बांधलेलं. सांध्यावरून काळ ठरत नाही. त्यासाठी चार पावलं मागं सरकून भिंत आणि छप्पर बघा. केवल नरसिंहाला उंच शिखर नाही. लहानसा चौकोनी गाभारा, पुढं मंडप, वर सपाट छत, अंगाला लालसर वालुकाश्म. सगळं बुटकं अन् दणकट, आत मात्र नरसिंहाची बसलेली मूर्ती केवढी तरी मोठी. रुद्र नरसिंहाचं देऊळ म्हणजे याचा जुळा भाऊच. याउलट यादवकाळाच्या आसपासच्या देवळाची भिंत सरळ जातच नाही: कोन पुढं, कोन मागं, परत पुढं. तेच कोन खालच्या पीठापासून शिखरापर्यंत चढत जातात. लोणारचं दैत्यसूदन बघा, बाहेरून एक फेरी मारली की समजतं. आतले खांब खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर गोल, आणि छताचा भार पेलणाऱ्या बुटक्या मूर्ती, म्हणजे कीचक.

मूर्ती, नक्षी, दाराच्या चौकटी यांतही फरक आहेत. ते नंतर सवडीनं बघता येतील.

गंमत म्हणजे गडावर दोन्ही काळ आहेत. लक्ष्मणाच्या देवळात रामचंद्र यादवाच्या काळातला शिलालेख आहे, तर ज्याच्या पोटाखालून लोक पापपुण्य तपासायला सरपटत जातात तो वराह वाकाटकांचा. त्यावर भोसल्यांनी केलेली डागडुजी. एवढा थर असलेल्या जागी काही हौशी मंडळी खांबांना ऑइल पेंट फासतात, मग घडणीच्या रेषाच बुजतात. रंग लावायचाच असेल तर पत्र्याच्या शेडला लावा. दुपारी तिरप्या उन्हात गेलात तर भिंतीचे कोन स्वतःच सावली टाकून दाखवतात. केवल नरसिंहाच्या सपाट भिंतीवर ती सावली फारशी पडत नाही.