घास कानाला कळतो

दादरला लोकल पकडायची, कानात इअरबड घालायचे आणि खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी उघडायची. ठाणं येईपर्यंत एक तरी इअरबड सैल होतोच. आपण कानाच्या आकाराला दोष देतो, पण कारण जबड्यात आहे. करंगळीचं टोक हलकेच कानात ठेवा आणि तोंड उघडून मिटा. पुढची भिंत हलताना जाणवेल. खालच्या जबड्याचं गोलसर टोक कानाच्या नळीला अगदी लागून, तिच्या पुढच्या बाजूच्या सांध्यात बसतं. तोंड उघडताना ते पुढे सरकतं आणि नळी किंचित रुंदावते. मिटलं की पूर्ववत. म्हणजे प्रत्येक चाव्यागणिक कानाचा आकार बदलतो!

चावणं मोजणारी उपकरणं म्हणूनच कानाभोवती जमली आहेत. जपानच्या शार्प कंपनीचं बाइटस्कॅन कानावर अडकवतात. अमेरिकेत अलाबामा विद्यापीठातल्या संशोधकांनी कानाखाली त्वचेवर चिकटवायचा पिझोइलेक्ट्रिक सेन्सर वापरला. पिझोइलेक्ट्रिक पदार्थ वाकला किंवा दाबला गेला की त्यात विजेचा दाब निर्माण होतो. क्युरी बंधूंनी 1880मध्ये दाखवलेला हा गुणधर्म आता आपले घास मोजतो. मला मात्र सर्वांत आवडते ती तिसरी युक्ती. इअरबडमधून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश नळीच्या भिंतीवर सोडायचा आणि परत किती येतो ते पाहायचं. भिंत जवळ-लांब झाली की परतणारा प्रकाश बदलतो, आणि चावण्याची लाट कागदावर काढल्यासारखी उमटते.

साधा मायक्रोफोन का नाही? गाडीच्या खडखडाटात चावण्याची कुरकुर ऐकू येणार नाही, शिवाय शेजाऱ्याचं बोलणंही टिपलं जाईल. मग मनगटी घड्याळात असतो तसा हालचाल मोजणारा सेन्सर? तिथे गंमत आहे. माणूस सेकंदाला साधारण 1 ते 2 वेळा चावतो आणि चालतानाही सेकंदाला जवळपास 2 पावलं टाकतो. वडापाव खात फलाटावरून निघालेल्या माणसाचे चावे आणि पावलं वेगळी कशी काढायची? नळीच्या सेन्सरची लाट घ्यायची, तिचीच प्रत थोडी पुढे सरकवून मूळ लाटेशी ताडून पाहायची. एका ठरावीक अंतरावर दोन्ही नीट जुळल्या, तर हालचाल तालात आहे. बोलण्याला असा ताल नसतो, त्यामुळे ते गळतं. हालचालीच्या सेन्सरवरही तोच ताल दिसला, तर तो पावलांचा असण्याची शक्यता मोठी. उरलेल्या लाटेत चाव्यांची माळ, मग गिळतानाची लहानशी विश्रांती आणि पुन्हा माळ असा नमुना शोधायचा.

एवढा खटाटोप कशासाठी? चीनमधल्या 2011च्या एका अभ्यासात मोजक्या तरुणांना एकदा प्रत्येक घास 15 वेळा आणि एकदा 40 वेळा चावायला सांगितलं. 40 वेळा चावल्यावर त्यांनी जवळपास 12 टक्के कमी ऊर्जेचं अन्न खाल्लं. त्यांच्या रक्तात भूक वाढवणारं ग्रेलिन हे संप्रेरक कमी होतं आणि तृप्ती कळवणारं कोलेसिस्टोकायनिन जास्त. हा निकाल एका जेवणापुरता आहे. त्यावरून ‘कानात यंत्र घाला, पोट उतरवा’ अशी जाहिरात कुणी केली, तर विश्वास ठेवू नका.

तसंच ‘दात 32, म्हणून घास 32 वेळा चावा’ हेही. अक्कलदाढा न आलेल्या माणसाला 28च दात असतात, मग त्याने चार चावे कमी करायचे का? अन्नाचे कण पुरेसे बारीक झाले आणि लाळेने एकत्र धरून त्यांचा निसरडा गोळा झाला, की घास गिळण्याजोगा होतो. ज्वारीच्या भाकरीला त्यासाठी जितके चावे लागतात, तितके वरणभाताला लागत नाहीत. म्हणून आकडा ठरवून देणारं यंत्र मला नको आहे. आधी चार दिवस मुकाट्याने माझा ताल शिकून घेणारं आणि तोंडातला घास संपण्याआधीच पुढचा आत गेला, तेवढ्यापुरतंच कानाशी हलकेच थरथरणारं यंत्र मला हवं आहे.