ठोके हृदयाचे की पावलांचे?

धावताना मनगटी घड्याळ मिनिटाला हृदयाचे १७२ ठोके दाखवतंय, पण धावणारा मात्र आरामात गप्पा मारतोय. त्याला ना धाप लागली आहे, ना चक्कर येतेय. अशा वेळी आधी यंत्रावर शंका घ्यावी. मिनिटाला १६० ते १८० हा बऱ्याच धावणाऱ्यांच्या पावलांचा वेग असतो. घड्याळाने हृदयाचा नाद सोडून पावलांचा ताल धरला असण्याची शक्यता इथे बरीच आहे.

हे कसं होतं ते समजलं, तर ठोके मोजायला मनगटी घड्याळ घ्यायचं की छातीला बांधायचा पट्टा, हा प्रश्न निम्मा सुटतो. मनगटी घड्याळाच्या पाठीवर हिरवे एलईडी असतात. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या किंचित फुगतात, त्यामुळे परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. शेजारचा प्रकाशसेन्सर हा चढउतार टिपतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. पण हा चढउतार फारच बारीक असतो. हात हलला की त्वचेखालचं रक्तही हिंदकळतं, घड्याळ सरकतं, फटीतून बाहेरचा उजेड शिरतो. हालचालीमुळे होणारी ही गडबड वेगळी काढायला घड्याळ आपल्याच गतिसेन्सरची मदत घेतं. मात्र पावलांचा ताल आणि नाडी यांचे आकडे जवळजवळ आले, की कुठलं काय हे त्याला ओळखू येत नाही.

छातीचा पट्टा प्रकाशाच्या वाटेला जातच नाही. हृदय आकुंचन पावण्याआधी त्यात विजेची लहर उठते आणि ती त्वचेपर्यंत पोहोचते. ईसीजीमध्ये दिसते तीच ही लहर. ती नेमकेपणाने टिपणारं उपकरण घडवल्याबद्दल विलेम आइन्थोव्हेन यांना १९२४चं नोबेल मिळालं. त्यांचं यंत्र खोलीभर मोठं होतं. तेच काम छातीवरच्या पट्ट्यात आणून ठोके बिनतारी मनगटावर दाखवणारी उपकरणं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडच्या पोलार कंपनीने बाजारात आणली. पट्टा प्रत्येक ठोका सुटा मोजतो. घड्याळ मात्र काही सेकंदांची सरासरी काढतं, म्हणून वेग एकदम वाढवला की त्याचा आकडा मागे रेंगाळतो.

तेव्हा निवड व्यायामावरून करावी, जाहिरातीवरून नको. चालणं किंवा एकाच वेगाने धावणं असेल, तर नीट बसवलेलं घड्याळ पुरतं. वजनं उचलताना मूठ आवळली जाते, मनगट वाकतं, हातातले स्नायू ताठरतात, आणि तिथे घड्याळाचा आकडा भरवशाचा राहत नाही. जोरात धावणं आणि थांबणं आलटून पालटून करायचं असेल, तर पट्टाच हवा. छातीला पट्टा सहन होत नसेल, तर दंडावर बांधायचा प्रकाशसेन्सर हा मधला मार्ग आहे. तिथली हालचाल मनगटापेक्षा कमी असते. पोहणाऱ्यांसाठी गोष्ट जरा वेगळी आहे. ब्लूटूथच्या लहरी पाण्यातून जेमतेम जातात, म्हणून आकडे स्वतःच्या स्मृतीत साठवून ठेवणारा पट्टा घ्यावा.

पट्टा बांधण्याआधी त्याचे इलेक्ट्रोड, म्हणजे त्वचेला टेकून विजेची लहर टिपणारे भाग, पाण्याने ओले करावेत. कोरड्या त्वचेवर पहिली काही मिनिटं आकडे वेडेवाकडे येतात, घाम सुटला की सुधारतात. व्यायाम झाल्यावर सेन्सरची डबी पट्ट्यापासून काढावी, नाहीतर ओला पट्टा सेन्सरला जागं ठेवतो आणि बॅटरी संपते. पट्टा धुवायलाच हवा. घामातलं मीठ साचलं की तो लवकर निकामी होतो. घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटं वर, सरकणार नाही इतपत घट्ट बांधावं. गोंदलेल्या त्वचेवर किंवा गारठलेल्या हातावर ते चुकण्याची शक्यता जास्त.

यंत्र चांगलं असूनही खरी फसगत पुढे होते, ती व्यायामाचा जोर ठरवायच्या सूत्रामुळे. २२० मधून वय वजा करा, की हृदयाचे जास्तीत जास्त ठोके मिळतात, हे जिमच्या भिंतीपासून ॲपपर्यंत सगळीकडे लिहिलेलं असतं. हे सूत्र कुठल्या नेमक्या प्रयोगातून निघालेलं नाही. १९७१मध्ये फॉक्स आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांतल्या आकड्यांवरून काढलेला तो ढोबळ अंदाज होता. २००१मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी पुष्कळ अभ्यास एकत्र करून २०८ वजा वयाचा ०.७ पट असं सूत्र दिलं. सत्तरीच्या माणसाला जुनं सूत्र १५० देतं, तर नवं १५९. तरीही दोन्ही सरासरीच. साधारण दर तीन माणसांत एकाचा खरा आकडा सूत्रापेक्षा दहाहून जास्त ठोक्यांनी वर किंवा खाली असतो, आणि त्यात आजार काहीच नसतो.

म्हणून मला कार्व्होनेन यांची १९५७ची पद्धत जास्त पटते, कारण तिच्यात माणसाची स्वतःची नाडी येते. सकाळी उठण्याआधी काही दिवस नाडी मोजून सरासरी काढायची. कमाल ठोक्यांतून ती वजा करायची, व्यायाम जेवढ्या जोराचा हवा तेवढे टक्के उरलेल्याचे काढायचे आणि त्यात ती परत मिळवायची. पन्नाशीच्या दोघांची कमाल नव्या सूत्राने १७३ धरू. एकाची सकाळची नाडी ५८, दुसऱ्याची ७८. साठ टक्क्यांसाठी पहिल्याला १२७ ठोके पुरतात, दुसऱ्याला १३५ लागतात. बरीच ॲप मात्र दोघांना एकच पट्टी लावतात. हिशेब जुळतोय का, हे बोलून तपासता येतं: मध्यम व्यायामात बोलता येतं पण गाता येत नाही, जोराच्या व्यायामात चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो.

रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांना यातलं कुठलंही सूत्र लागू नाही, कारण त्या गोळ्या ठोके फारसे वाढू देत नाहीत. त्यांनी मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. उन्हात किंवा लांबच्या पल्ल्यात वेग तोच असूनही ठोके हळूहळू चढतात. घामावाटे पाणी जातं, रक्त त्वचेकडे वळतं, आणि तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. कॅलरीच्या आकड्याकडे तर बघूच नये. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली सात मनगटी यंत्रं तपासली, तेव्हा सहांची ठोक्यांमधली चूक ५ टक्क्यांच्या आत निघाली, पण कॅलरीत सगळ्यात बरं यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं.

एक आकडा मात्र जरूर टिपून ठेवावा असा आहे. जोराचा व्यायाम संपला की सावकाश चालत राहावं आणि पहिल्या मिनिटात ठोके किती उतरले ते पाहावं. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉक्टरांनी ट्रेडमिल चाचणी झालेल्या लोकांचा सहा वर्षं मागोवा घेतला होता, तेव्हा ज्यांचे ठोके मिनिटात १२ किंवा त्याहून कमी उतरले होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. एका दिवसाच्या आकड्यावरून घाबरायचं कारण नाही, पण कित्येक आठवडे तो तसाच कमी येत असेल, तर नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जावं. ही मोजणी पट्ट्यानेच करावी. घड्याळाची सरासरी त्या एका मिनिटात हमखास मागे पडते.