रीमेक आणि नवे रूपांतर: गॅरी कूपरचे दोन वारस

अमेरिकेतील टर्नर समूहाच्या दोन केबल वाहिन्यांनी 2000 साली दोन जुन्या वेस्टर्न (म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतील गुराखी-शेरीफांच्या जगातल्या) प्रेमकथा दूरचित्रपटांच्या रूपात नव्याने आणल्या: टीबीएसने ‘हाय नून’ आणि टीएनटीने ‘द व्हर्जिनियन’. दोन्ही कथांत जुन्या वैऱ्याशी सामना नेमका लग्नाच्या सुमारास उभा ठाकतो आणि नायक लढायला निघाला तर आपण सोडून जाऊ, असे वधू बजावते. शिवाय दोन्हींच्या गाजलेल्या जुन्या चित्रपटांत नायक गॅरी कूपरच होता. त्यामुळे प्रेक्षक दोन्हींना सरसकट रीमेक म्हणतात आणि ‘कूपरची सर नाही’ असा एकच शेरा मारून मोकळे होतात. पहिल्याच्या बाबतीत तो शेरा रास्त आहे, दुसऱ्याच्या बाबतीत तो अस्थानी आहे.

रीमेक चित्रपटावरून होतो. ‘हाय नून’ची बीजकथा 1947 सालची असली तरी तिच्यातला शेरीफ (गावातला कायद्याचा अधिकारी) वयस्क विधुर आहे. लग्नाची सकाळ आणि धर्मश्रद्धेमुळे हिंसा नाकारणारी क्वेकर वधू एमी ही कार्ल फोरमन यांच्या पटकथेची देणगी, आणि नवा दूरचित्रपट त्याच पटकथेवर उभा असल्याने प्रसंगागणिक तुलना अटळ ठरते. 1952 च्या कृष्णधवल चित्रपटात आकाश मुद्दाम फिकट ठेवलेले होते, कूपरचा चेहरा थकलेला आणि घामेजलेला दिसत होता, त्यामुळे रंगीत आवृत्ती पाहून ‘तो ताण जाणवत नाही’ असे कोणी म्हटले तर मला ते पटते. चित्रीकरणाच्या काळातच फोरमन यांना साम्यवादी संबंधांच्या चौकशीला सामोरे जावे लागले होते. चित्रपटातल्या नायकाला, म्हणजे मार्शलला (हाही कायद्याचा अधिकारीच), मदत नाकारणाऱ्या गावात अनेकांना संकटातल्या सहकाऱ्यांना एकटे पाडणारे तेव्हाचे हॉलिवूड दिसले, आणि पटकथा तीच ठेवली म्हणून तो काळ परत आणता येत नाही. (नायक वधूपुढे फारच थोराड दिसतो, ही तक्रार मात्र एकट्या नव्या आवृत्तीवर टाकू नये, कारण कूपर आणि एमी झालेली ग्रेस केली यांच्या वयांतही 28 वर्षांचे अंतर होते.)

‘द व्हर्जिनियन’चे मूळ चित्रपटात नाही, ते ओवेन विस्टर यांच्या 1902 च्या कादंबरीत आहे. तिच्यावर 1914, 1923, 1929 आणि 1946 मध्ये चित्रपट निघाले, 1962 ते 1971 या काळात एनबीसी वाहिनीवर मालिका चालली, आणि बिल पुलमन यांनी दिग्दर्शन व प्रमुख भूमिका सांभाळलेला दूरचित्रपट याच रांगेतला आहे. तेव्हा कूपरचा 1929 चा बोलपट हेही मूळ नव्हे, तेही एक रूपांतरच. वायोमिंगमधील मेडिसिन बो गावी पत्त्यांचा डाव चालू असताना नायकाचा वैरी ट्रॅम्पस शिवी हासडतो आणि नायक पिस्तूल टेबलावर ठेवतो, तो प्रसंग पाहा. कादंबरीत तो ‘मला तसं म्हणताना हसत म्हण’ अशा अर्थाचे बोलतो, तर कूपरच्या तोंडी ‘तसं म्हणायचं असेल तर हस’ असे किंचित निराळे वाक्य आले आणि पुढे तेच लोकांच्या कानांत बसले. मालिकेवर वाढलेल्या प्रेक्षकांचा घोटाळा याहून मोठा आहे. मालिकेतला ट्रॅम्पस हा हसतमुख, आवडता सोबती होता, त्यामुळे त्याला खलनायक झालेला पाहून त्यांना कथेची मोडतोड झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात विस्टर यांनी त्याला खलनायक म्हणूनच लिहिले आहे.

‘द व्हर्जिनियन’ ‘फार संथ’ आहे, हा आक्षेपही कादंबरी समोर ठेवूनच तपासावा लागतो. व्हर्मॉन्टहून आलेली शिक्षिका मॉली या गुराखी नायकाला पुस्तके वाचायला देते, त्यांवर दोघांचे वाद होतात, मध्येच गुरांच्या चोरीपायी त्याला आपल्या जिवलग मित्रालाच फासावर द्यावे लागते, आणि ते कळल्यावर मॉलीचे मन द्विधा होते. हे प्रेम ‘हाय नून’सारखे घड्याळाच्या काट्यावर चालणारे नाही. ‘हाय नून’ची एमी आगगाडीतून उतरून धावत परत येते आणि शेवटी स्वतःच गोळी झाडते, तर विस्टर यांची मॉली खोलीत बसून बाहेरचे बार ऐकते. तिने काहीच कसे केले नाही, असे विचारणाऱ्या प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर बहुधा एमी असते.