मोती पाडणं आणि मोती समजून घेणं: मॉलेक्युलर कुकिंग की मॉलेक्युलर गॅस्ट्रोनॉमी?

फळांच्या रसाचे मोती, सायफनमधून काढलेला फेस, लिक्विड नायट्रोजनची वाफ. हॉटेल मॅनेजमेंटच्या माहितीपत्रकापासून शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापर्यंत या सगळ्यावर ‘मॉलेक्युलर गॅस्ट्रोनॉमी’ अशी पाटी लावलेली असते. ती चुकीची आहे. हे मॉलेक्युलर कुकिंग. कष्टाचं, शिकण्याजोगं काम आहे, पण आहे स्वयंपाकच. मॉलेक्युलर गॅस्ट्रोनॉमी हे विज्ञान आहे. त्यातून ताटात काही पडत नाही, पडलंच तर एखादं स्पष्टीकरण हाती पडतं.

कुकिंगची बाजू बहुतेकांच्या ओळखीची आहे, तिथे फार थांबत नाही. एवढंच सांगतो की हे मोती, म्हणजे अल्जिनेटचे गोळे, कुठल्या शेफने प्रयोगशाळेत लावलेला शोध नव्हे. अल्जिनेट ही समुद्री शेवाळातून मिळणारी पावडर, कॅल्शियम भेटलं की तिचं जेल होतं. कृत्रिम चेरी बनवण्यासाठी या तंत्राचं पेटंट १९४०च्या दशकातच घेतलं गेलं होतं. स्पेनच्या एल बुली या रेस्तराँने ते २००३ मध्ये ताटात आणलं.

गोंधळाचं मूळ मात्र खुद्द शास्त्रज्ञांकडे जातं. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ निकोलस कुर्ती आणि फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ एर्व्हे तिस यांनी १९८८ मध्ये या विषयाला नाव दिलं. १९९२ मध्ये सिसिलीतल्या एरिचे गावात पहिली कार्यशाळा झाली. तिस यांनी सुरुवातीला विषयाची पाच उद्दिष्टं मांडली होती: स्वयंपाकातल्या ऐकीव समजुती गोळा करून तपासणं, रूढ पाककृतींचा शास्त्रीय अभ्यास करणं, नवी उपकरणं आणि घटक स्वयंपाकघरात आणणं, नवे पदार्थ शोधणं आणि खाण्याच्या आवडीतून लोकांना विज्ञानाकडे वळवणं. पुढे त्यांनीच जाहीरपणे म्हटलं की यातली तिसरी आणि चौथी गोष्ट तंत्रज्ञान आहे, पाचवी शिक्षण आहे, विज्ञान फक्त पहिल्या दोन. ही दुरुस्ती फार कमी लोकांपर्यंत पोचली. पहिली यादी मात्र आजही जशीच्या तशी उतरवली जाते.

त्यात युरोपीय संघाच्या पैशावर चाललेल्या ‘इनिकॉन’ प्रकल्पाची भर पडली. जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनची टीटीझेड ही संस्था त्याचं समन्वयन करत होती. एल बुलीचे फेरान आद्रिया, इंग्लंडचे हेस्टन ब्लूमेंथाल आणि स्ट्रासबुर्गचे एमिल युंग यांच्यासारखे शेफ आणि एर्व्हे तिस एकाच प्रकल्पात होते. प्रकल्पाचं पूर्ण नावच नव्या तंत्रांनी स्वयंपाकाचं आधुनिकीकरण करण्याविषयी होतं. म्हणजे खाद्यउद्योगाला ठाऊक असलेलं तंत्र रेस्तराँपर्यंत पोचवायचं. काम उपयोगी होतं, सार्वजनिक पैशाने करण्यासारखं होतं, पण ते तंत्रज्ञानाचं हस्तांतरण होतं. बाहेर मात्र चित्र असं गेलं की शास्त्रज्ञ आणि शेफ मिळून ‘मॉलेक्युलर गॅस्ट्रोनॉमी’ शिजवतात. २००६ मध्ये आद्रिया आणि ब्लूमेंथाल यांनी अमेरिकन शेफ थॉमस केलर आणि स्वयंपाकाच्या विज्ञानावर लिहिणारे हॅरल्ड मॅकगी यांच्यासह निवेदन काढून हे नाव आपल्या स्वयंपाकाला लावू नका असं सांगितलं. शेफ नको म्हणतात, शास्त्रज्ञ नको म्हणतात, तरी पाटी हलत नाही.

खरी अडचण पुढे आहे. लोकांना वाटतं की पावडर आणि सिरिंज आली की विज्ञान आलं. साधनावरून काहीच ठरत नाही. तेच टेबल, तेच अल्जिनेट, तरी दोन वेगळी कामं होऊ शकतात.

आधी स्वयंपाक्याचं काम. एक लिटर कलिंगडाच्या गाळलेल्या रसाला ५ ग्रॅम सोडियम अल्जिनेट. थोड्या रसात हँड ब्लेंडरने घुसळून मग उरलेला रस मिसळायचा, बुडबुडे निघून जाण्यासाठी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. दुसऱ्या भांड्यात एक लिटर पाणी आणि ५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. सिरिंजने थेंब सोडायचे, मिनिटभराने झाऱ्याने काढायचे, साध्या पाण्यात धुऊन लगेच वाढायचे. उशीर केला तर कॅल्शियम आत झिरपत राहतं आणि रसाळ मोत्याची घट्ट गोळी होते.

कोकमाच्या आगळावर हीच कृती फसते. इतक्या आंबट द्रावात अल्जिनेटचं अल्जिनिक ॲसिड होतं आणि ते नीट विरघळलेलं राहत नाही. सोडियम सायट्रेटने आंबटपणा कमी करता येतो, पण सायट्रेट कॅल्शियमला पकडून ठेवतं, जास्त झालं तर मोती धरतच नाही. शिवाय आगळाची चवही जाते. अशा वेळी उलटी पद्धत घ्यावी: आगळाच्या सरबतात दोन टक्के कॅल्शियम लॅक्टेट ग्लुकोनेट, आणि अल्जिनेट बाहेरच्या पाण्यात. साल बाहेरच्या बाजूला वाढते, आतला भाग पातळच राहतो. बाहेरचं पाणी डिस्टिल्ड हवं. बोअरवेलच्या जड, म्हणजे कॅल्शियम असलेल्या पाण्यात अल्जिनेट आधीच गुठळ्या धरतं. दह्याला किंवा दुधाला हीच पद्धत, कारण कॅल्शियम त्यांच्यात मुळातच असतं.

वरचं सगळं बिनचूक केलं तरी ते कुकिंगच. उद्देश मोती हाच आहे. मोती चांगला झाला की काम संपलं.

शास्त्रज्ञ रस बाजूला ठेवतो, कारण रसात शंभर गोष्टी असतात. तो डिस्टिल्ड पाण्यात अल्जिनेट घेतो आणि थेंबाऐवजी परीक्षानळीत सपाट थर करतो, कारण गोलाच्या आकारात हिशोब बिघडतो. वरून कॅल्शियमचं द्रावण अलगद ओततो आणि जेलचा थर १, ४, ९ आणि १६ मिनिटांनी मोजतो. कॅल्शियमच्या झिरपण्यानेच थर वाढत असेल, तर चौपट वेळात जाडी जवळपास दुप्पट व्हायला हवी. झाली तर कल्पना टिकली. नाही झाली तर झिरपण्याखेरीज आणखी काहीतरी घडतंय, आणि तिथून खरं काम सुरू होतं. इथे फसलेला थर हाही निकाल असतो, टाकून द्यायचा माल नव्हे. अल्जिनेटच्या साखळ्या कॅल्शियमला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन एकमेकींना बांधल्या जातात, हे १९७३ मध्ये मांडलेलं ‘अंड्यांच्या खोक्याचं’ प्रतिरूप अशाच प्रश्नांतून आलं. पदार्थ एकही तयार झाला नाही, पण बोअरवेलचं पाणी का नडतं, ते कळलं.

म्हणून मॉलेक्युलर गॅस्ट्रोनॉमीला एकाही पावडरीची गरज नसते. ‘मीठ आधी घातलं तर डाळ शिजत नाही’ हे घराघरात ऐकू येणारं विधान हा तिचा अस्सल विषय आहे. २५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी आणि एकाच पिशवीतली ५० ग्रॅम तूरडाळ, अशी चार भांडी घ्या. एकात काही नाही, दुसऱ्यात २.५ ग्रॅम शुद्ध मीठ, तिसऱ्यात ०.१ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, म्हणजे विहिरीच्या जड पाण्याची नक्कल, चौथ्यात चिंचेचा थोडा कोळ. खडेमीठ नको, त्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम असू शकतं. सगळ्यांना सारखी उष्णता द्या आणि साधी डाळ अर्धवट शिजेल तेव्हाच थांबवा. सगळ्या पूर्ण शिजल्या तर फरक पुसला जातो. डाळ बोटांनी चेपून पाहणाऱ्याला कुठलं भांडं कोणतं ते सांगू नका.

अपेक्षा काय ठेवायची, तेही रसायन सांगतं. डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियमने बांधलं जातं, अल्जिनेटसारखंच. म्हणून जड पाण्यात डाळ निबर राहते. आंबटपणात पेक्टिन सहज सुटत नाही, म्हणून वरणात चिंच शेवटी घालतात. मिठातल्या सोडियमवर एकच धनभार असतो, दोन साखळ्यांमध्ये तो पूल बांधू शकत नाही. तेव्हा मिठाला दिलेला दोष बहुधा पाण्याचा असावा. हे वाचून मान्य करू नका, भांडी मांडून पाहा.

फ्रान्समध्ये २००१ पासून प्राथमिक शाळांसाठी चवीच्या प्रयोगशाळा आल्या, त्याही तिस यांच्याच पुढाकारातून. आपल्या विज्ञान प्रदर्शनांत मात्र तयार किट उघडून मोती पाडून दाखवतात आणि त्याला प्रयोग म्हणतात. ते प्रात्यक्षिक आहे. मुलांनी कॅल्शियमचं प्रमाण अर्धं केलं, जाडी मोजली आणि वहीत आकडा लिहिला, तरच प्रयोग.

लिक्विड नायट्रोजनवर वेगळं लिहिण्याची गरज नाही. उणे १९६ अंशाला थंड करण्याचं ते साधन आहे, आणि पूर्ण उडून गेल्याखेरीज पदार्थ तोंडाला लावू नये, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. ‘नोट बाय नोट’ हा तिस यांचा तिसरा प्रकार, भाज्या-मांसाऐवजी शुद्ध संयुगांपासून पदार्थ रचण्याचा. तोही स्वयंपाकच.

‘मॉलेक्युलर गॅस्ट्रोनॉमी’ नावाच्या अभ्यासक्रमाला पैसे भरण्याआधी विद्यार्थ्यांची एक जुनी प्रयोगवही दाखवायला सांगा. तिच्यात तुलनेसाठी ठेवलेलं साधं भांडं आहे का, एका वेळी एकच गोष्ट बदललेली आहे का, अपेक्षेविरुद्ध आलेला आकडा खोडलेला आहे की ठेवलेला, हे पाहा. वहीत फक्त पाककृती आणि सजवलेल्या ताटांचे फोटो असतील, तर तो मॉलेक्युलर कुकिंगचा अभ्यासक्रम आहे आणि माहितीपत्रकावर तेच नाव छापायला हवं.